जड फर्निचर हलवायला पट्टे: खांद्याचे घ्यावेत की हाताचे? आणि जिन्यावर काय करायचं?

घरबदल_दुसरा_मजला

घर बदलतोय. जड सामान असं आहे: लोखंडी कपाट (उंची 198, रुंदी 91, खोली 48 सेंमी), डबल डोअर फ्रिज, फ्रंट लोड वॉशिंग मशिन आणि पार्टिकल बोर्डचं तीन दारांचं वॉर्डरोब. दुसरा मजला, लिफ्ट नाही, जिना प्रत्येक मजल्यावर एकदा चौकात वळतो. उचलणारे आम्ही दोघं, गरज पडली तर तिसरा येईल. दोघांच्या उंचीत साधारण 15 सेंमीचा फरक आहे.

उचलायच्या पट्ट्यांचे दोन प्रकार पाहिले. एक खांद्यावरून पाठीवर फुली मारून घालायचा, दुसरा दोन्ही हातांत अडकवायचा. एकावर "300 किलो" असं लिहिलंय. म्हणजे कपाट उचलायला काहीच हरकत नाही ना? कोणता घ्यावा, लांबी कशी ठेवावी आणि जिन्यावरून उतरवताना काय सांभाळावं, हे कृपया नीट सांगा. सामान टेम्पोत बांधायला रॅचेटचे (हँडल मारून आवळायचे) पट्टेही घेणार आहे.

---

दोरपट्टा

आधी त्या 300 किलोबद्दल. हा आकडा कापड, शिलाई आणि बक्कल किती सोसतं त्याचा आहे, माणूस किती सोसतो त्याचा नाही. हाताने उचलण्याबद्दल अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षा संस्थेचं जे सूत्र आहे, त्यात सगळी परिस्थिती अनुकूल असतानाही एका माणसासाठी 23 किलो धरतात. पट्ट्यामुळे वजन कमरेऐवजी मांड्यांवर आणि खांद्यांवर येतं, म्हणून त्याहून जास्त पेलता येतं. पण वजन कमी होत नाही आणि पट्टा तुम्हाला त्या वजनाला बांधून टाकतो, हे विसरू नका.

हाताचा पट्टा: दोन स्वतंत्र पट्टे असतात, प्रत्येकाच्या टोकाला दोन-तीन फासे. फास कोपराजवळ घ्यायचा, मनगटाजवळ नाही. मनगटाकडे सरकला की तरफ लांब होते आणि दंड लगेच भरून येतात. कोपर काटकोनात, तळवे वस्तूला टेकवलेले. याचा मोठा फायदा म्हणजे काही बिनसलं तर हात खाली सोडला की तुम्ही मोकळे. तोटा असा की लांबी कमी असते, साधारण पावणेतीन मीटर. शिवाय वजन शेवटी हातांवरच येतं. गादी, सोफा, टेबल, वॉशिंग मशिन अशा बुटक्या किंवा हलक्या सामानाला आणि सपाट जमिनीवर हे उत्तम. पट्टे निसटून बाहेर सरकत असतील तर वस्तूखाली त्यांची फुली घाला, एकमेकांना धरून राहतात.

खांद्याचा पट्टा: दोघांच्या अंगात पाठीवर फुली, छातीसमोर बक्कल, आणि वस्तूखालून जाणारा एकच लांब पट्टा. वजन पायांवर येतं, हात वस्तू सावरायला मोकळे राहतात. सपाट जागेवर लोखंडी कपाटासाठी हाच घ्या. पण यात पट्कन सुटता येत नाही. म्हणून विकत घेतल्यावर पहिलं काम हे: दहा-पंधरा किलो वजन लावून बक्कल एका हाताने सोडून पाहा. ताणाखाली सुटत नसेल तर तो पट्टा जिन्यावर वापरू नका.

लांबी अशी लावा. वस्तूखालून पट्टा घातल्यावर दोघांनी वस्तूला चिकटून उभं राहायचं, पाठ सरळ, गुडघे वाकवलेले. त्या अवस्थेत दोघांनी आपापली ढील काढायची आणि एकदम उभं राहायचं. वस्तू जमिनीपासून 5 ते 8 सेंमी उचलली गेली पाहिजे. कमी उचलली तर उंबऱ्याला अडकते, जास्त उचलली तर झुलायला लागते. उंच माणसाचा पट्टा लांब राहणार, दोघांचा सारखा करायचा प्रयत्न करू नका. वस्तूचा तळ सपाट राहतो की नाही एवढंच पाहा. उरलेलं टोक कमरेला गुंडाळायचं नाही आणि लोंबकळतही ठेवायचं नाही. पट्ट्याच्याच खाली खोचा. पायात आलेलं टोक हे पडण्याचं सगळ्यात साधं कारण आहे.

वस्तूला चिकटून का, तर ताण. 100 किलोची वस्तू, दोघं, पट्टा उभा असेल तर प्रत्येक टोकाला 50 किलो. तोच पट्टा उभ्या रेषेपासून 45 अंश तिरका झाला की 71 किलो, 60 अंश झाला की पूर्ण 100. वरचा फरक सगळा तुम्हाला पुढे ओढण्यात जातो, उचलण्यात नाही. पट्टा छोटा वाटला म्हणून लांब उभं राहून उचलणं याचसाठी चुकीचं.

कपाटाबद्दल एक बारीक गोष्ट. दार 48 सेंमीच्या बाजूने ओलांडायचं असतं, म्हणून तुम्ही दोघं कपाटाच्या डाव्या-उजव्या अंगाला उभे राहणार आणि पट्टा 91 सेंमीच्या दिशेने, पुढच्या आणि मागच्या पायांच्या मधून जाणार. तिथे तो तळाच्या पत्र्यावर कमी आणि दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या खालच्या कडेवर जास्त टेकतो. ती कड धारदार असते. जाड किंतान किंवा जुन्या गालिच्याचा तुकडा चौपदरी करून दोन्ही कडांवर घाला, नाहीतर कापड तिथेच कापलं जातं. दारं आणि तिजोरीचा खण यांचं वजन कपाट रिकामं असतानाही पुढच्या बाजूला असतं, त्यामुळे पट्टा बरोबर मध्यावर न घेता दोन बोटं दाराच्या बाजूला घ्या. 2 सेंमी उचला, कुठे कलतंय बघा, खाली ठेवा, पट्टा सरकवा. दोन-तीनदा हे केलं की सापडतं. पट्टा घालताना एकजण कपाट कलवतो तेव्हा खाली लाकडाचा ठोकळा ठेवा, बोटं घालू नका.

आणि कपाटाची उंची 198 आहे, त्यात 8 मिळवा. 206 झाले. चौकटीची आतली उंची आजच मोजा. बऱ्याच चौकटींमधून पट्ट्यावर उभं कपाट जात नाही. तिथे खाली ठेवून, कलवून, खाली घोंगडी घालून सरकवावं लागतं.

---

जिना_आणि_चौक

वरचं सगळं सपाट जमिनीसाठी बरोबर आहे. जिन्याचं गणित वेगळं आहे, आणि तिथे लोखंडी कपाट उभं ठेवून पट्ट्यावर नेऊ नका. कारण आकड्यांतच दाखवतो.

पायरी 17 सेंमी उंच आणि 26 सेंमी खोल धरली तर जिन्याचा उतार साधारण 33 अंश. कपाट उताराला समांतर कललं तर काय होईल? रिकाम्या कपाटाचा गुरुत्वमध्य तळापासून सुमारे 99 सेंमीवर. 33 अंश कललं की तो खालच्या बाजूला 64 सेंमी सरकतो. कपाटाची अर्धी रुंदी 45.5 सेंमी. म्हणजे गुरुत्वमध्य खालच्या कडेच्याही पलीकडे गेला. कपाट खालच्या माणसाच्या अंगावर येणार, आणि वरच्या माणसाच्या पट्ट्यात तेव्हा ताणच नसणार. तो काहीही करू शकत नाही.

मग तळ सपाट ठेवून न्यावं का? दोघांमध्ये जवळपास दीड मीटर अंतर राहतं, म्हणजे उंचीत एक मीटरच्या आसपास फरक. कपाटाच्या तळाची वरच्या माणसाकडची कड पायऱ्यांना घासू नये म्हणून तळ खालच्या माणसाच्या पावलांपासून 80 सेंमीवर, कमरेशी येतो. मग गुरुत्वमध्य त्याच्या डोक्याच्या उंचीवर. उंबऱ्यावरून जाताना एवढंसं कललं तर सावरता येतं, इथे येत नाही.

म्हणून कपाट त्याच्या मागच्या बाजूवर आडवं करा. दारं वर, कुलूप लावून किल्ली काढलेली, फळ्या आणि ड्रॉवर बाहेर, कपाटाभोवती घोंगडी आणि तिच्यावरून दोन पट्टे. आता गुरुत्वमध्य तळापासून फक्त 24-25 सेंमी आणि लांबी 198. त्याच उतारावर खालच्या माणसाकडे अंदाजे 58 टक्के आणि वरच्याकडे 42 टक्के वजन येतं. हे पेलण्यासारखं आहे. खांद्याचा पट्टा लांबीच्या दिशेने खालून घ्यायचा, म्हणजे 198 अधिक दोन्ही बाजूंना खांद्यापर्यंतची लांबी. तेवढा तो पुरतो का ते जमिनीवर मोजून घ्या. हाताचे पट्टे इथे पुरत नाहीत.

आडव्या कपाटाचा दुसरा धोका म्हणजे ते पट्ट्यावरून घसरत खाली यायला बघतं. गुळगुळीत रंगावर नायलॉन सहज सरकतं. म्हणून पट्टा आणि पत्रा यांच्यामध्ये रबरी पायपुसण्याचे तुकडे घाला, आणि उचलायचा पट्टा कपाटाभोवतीच्या दोन्ही पट्ट्यांच्या खालून ओवून घ्या, म्हणजे तो बाजूला सरकत नाही.

खाली कोण? जो उंच आणि दणकट आहे तो, चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा. तुमच्यातला 15 सेंमीचा फरक इथे उपयोगी पडतो. उतरताना खालचा माणूस उलटा चालतो, त्याला पायऱ्या दिसत नाहीत, म्हणून बोलायचं फक्त वरच्याने: "पायरी", "थांब", "ठेव". एवढेच तीन शब्द. पट्ट्याने दोघं जोडलेले असता, एक न सांगता थांबला की दुसऱ्याला हिसका बसतो. तिसरा माणूस आला तर तो पुढे जाऊन दारं उघडी ठेवेल, चौकात उभा राहील. जिन्यात वजनाच्या खाली तिसरा नको. काही सुटलं तर त्याला पळायला जागा नसते.

चौकात आडवं कपाट वळत नाही, हे धरूनच चाला. चौक मीटरभर खोल असेल तर 198 सेंमी लांबीचं वळवायला जागाच नाही. तिथे खाली ठेवा, पट्टे अंगातून पूर्ण काढा, कपाट उभं करा, उभ्यानेच फिरवा, पुन्हा आडवं करा. उभं करताना छताला लागेल का तेही पाहा: 198 उंच आणि 48 खोल कपाट उभं होताना कर्णाइतकी, म्हणजे जवळपास 204 सेंमी उंची मागतं.

---

घरबदल_दुसरा_मजला

हे गणित डोक्यातच आलं नव्हतं, फार उपयोगी. मग फ्रिजचं काय? तो आडवा करू नये म्हणतात. आणि वॉर्डरोब असंच आडवं करून नेता येईल का?

---

जिना_आणि_चौक

फ्रिज जिन्यावर ट्रॉलीवरच. दोन चाकांची उभी ट्रॉली, तिला चामडी किंवा कापडी पट्टा असलेली. फ्रिजची बाजू ट्रॉलीला लावायची; मागची बाजू नाही, कारण तिकडे नळ्या असतात, आणि दरवाजाची बाजूही नाही. मध्ये घोंगडी. एक पट्टा खालून एक-तृतीयांश उंचीवर, दुसरा दोन-तृतीयांशावर. वरचा जास्त महत्त्वाचा, कारण पायरीवर चाक आपटलं की फ्रिजचं डोकं पुढे झेपावतं.

ट्रॉली धरणारा नेहमी वरच्या पायरीवर, चाकं खालच्या बाजूला, फ्रिज त्याच्याकडे कललेला. उतरताना एक-एक पायरी, चाक टेकलं की थांबायचं. खालचा माणूस हात लावून दिशा देतो, वजन पेलत नाही, आणि बरोबर समोर न राहता कडेला राहतो. फ्रिजचे दरवाजे मऊ सुती पट्टीने बांधा, चिकटपट्टीने रंग निघतो. आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळवा. फ्रिज काही कारणाने आडवा करावाच लागला तर नव्या घरी उभा करून काही तास तसाच ठेवा, म्हणजे नळ्यांत गेलेलं तेल कॉम्प्रेसरमध्ये परत येतं.

---

सुतारकाम

वॉर्डरोब अखंड उचलू नका. पट्ट्याने तर नाहीच.

पार्टिकल बोर्डचं वॉर्डरोब मिनीफिक्स (फिरवून आवळायचे धातूचे जोड) आणि लाकडी खुंट्यांवर उभं असतं. हे जोड उभा भार सोसतात, पिळ सोसत नाहीत. वॉर्डरोब काटकोनात धरून ठेवतो तो मागचा पातळ हार्डबोर्ड, आणि तो बारीक खिळ्यांवर असतो. पट्टा खालून घेतला की दोन्ही बाजूंच्या फळ्यांच्या खालच्या कडा आत ओढल्या जातात, वॉर्डरोब समांतरभुज चौकोनासारखं तिरकं होतं, हार्डबोर्डचे खिळे सुटतात आणि मिनीफिक्सच्या भोकाभोवतीचा भुसा उकरला जातो. वरून काही दिसत नाही. नव्या घरी दारं बसत नाहीत तेव्हा कळतं.

आधी दारं काढा (बिजागरीचा मधला स्क्रू सोडायचा, फळीत बसवलेली वाटी काढायची नाही), मग आतल्या फळ्या, मग हार्डबोर्ड, मग वरची आणि खालची फळी. मिनीफिक्स अर्ध्या फेऱ्यात सुटतं; सुटत नसेल तर जोर लावू नका, जोडावरचा भार कमी करून पुन्हा फिरवा. प्रत्येक फळीचे स्क्रू वेगळ्या पिशवीत आणि ती पिशवी त्याच फळीला चिकटवलेली. फळ्या दोन-दोनच्या जोडीत, तोंडाला तोंड, मध्ये कापड, आणि त्यांना हाताचा पट्टा चालतो. भोक सैल झालं असेल तर लाकडी काडी फेव्हिकॉल लावून ठोका, रात्रभर वाळू द्या, मग नव्याने पाडा.

वॉशिंग मशिनसाठी: मशिनबरोबर आलेले वाहतुकीचे बोल्ट शोधा. मागच्या बाजूला तीन किंवा चार भोकं असतात. ते न लावता जिना उतरलात तर ड्रम स्प्रिंगवर आपटत राहतो, स्प्रिंग आणि हादरे शोषणारे दट्टे दोन्ही खराब होतात. पुढच्या खालच्या फिल्टरमधून पाणी काढा, नळी मोकळी केली तरी लिटर-दीड लिटर आत राहतंच, आणि ते जिन्यावर सांडलं तर पाय घसरतो.

पट्टा डावीकडून उजवीकडे घ्या, पुढून मागे नाही. पुढची खालची पट्टी प्लॅस्टिकची असते आणि बऱ्याच मशिनांचा तळ उघडा असतो, तिथे पंप आणि नळ्या. पट्टा बाजूच्या पत्र्यांच्या कडांवर, पायांच्या आत बसला पाहिजे. आत काँक्रीटचं वजन असतं आणि ते बहुतेक पुढे आणि वर, म्हणून पट्टा मध्याच्या थोडा दाराकडे. जिन्यावर खालच्याने आपला पट्टा आखूड करायचा आणि वरच्याने लांब, म्हणजे तळ जवळपास सपाट राहतो. खालच्याच्या मांडीशी मशिनचा तळ येतो. उताराला समांतर कलू दिलंत तर जवळजवळ सगळं वजन खालच्यावर जातं.

---

टेम्पोभर

बांधायच्या पट्ट्यांचं कुणी बोललं नाही, ते मी सांगतो. रॅचेटचा पट्टा बांधायला असतो, उचलायला नाही. त्याच्या लेबलवरही तसं लिहिलेलं असतं. युरोपीय मानकाच्या लेबलवर एलसी आणि एसटीएफ असे दोन आकडे दिसतील, डेकान्यूटनमध्ये; 1 डेकान्यूटन म्हणजे साधारण 1 किलो भार. एलसी म्हणजे पट्टा किती सोसतो, एसटीएफ म्हणजे हाताने 50 किलोचा जोर लावल्यावर रॅचेट किती ताण देतं. लेबल निळं असेल तर पॉलिएस्टर, हिरवं असेल तर नायलॉन, तपकिरी असेल तर पॉलिप्रॉपिलीन. पॉलिएस्टर घ्या, ते कमी ताणतं.

50 मिमी रुंदीचं साधं रॅचेट 250 ते 350 किलोपर्यंत ताण सहज देतं. लाकडी सामानाची कड त्याने दबते, लोखंडी कपाटाच्या पत्र्याला पोचा येतो. घरच्या सामानाला 25 मिमीचं रॅचेट पुरे. टेबल, खुर्च्या, फ्रिज यांना तर रॅचेटपेक्षा कॅम बक्कल बरं, कारण त्यात हाताने ओढाल तेवढाच ताण बसतो.

रॅचेट असं भरा: हँडल उघडून टोक रिळाच्या फटीतून घाला, हाताने सगळी ढील ओढून काढा, मगच हँडल मारा. रिळावर किमान दीड आणि जास्तीत जास्त तीन वेढे. ढील न काढता हँडल मारत बसलात तर रीळ भरतं, जाम होतं आणि मग पट्टा कापल्याशिवाय निघत नाही. हँडलवर पाइप घालून तरफ वाढवू नका. पट्ट्याला पीळ पडलेला नको.

गाडीत कपाट आणि फ्रिज केबिनच्या बाजूला, पाठ भिंतीला, उभे. दोन पट्टे: एक खालच्या तिसऱ्या हिश्शात, दुसरा वरच्या तिसऱ्या हिश्शात, दोन्ही आडवे, कपाटाला भिंतीवर दाबणारे. एकच पट्टा मध्यावर बांधला तर कपाट त्याच्याभोवती डोलतं. बुटक्या सामानावरून पट्टा घालून खाली दाबत असाल तर तो जमिनीशी जितका उभा तितका चांगला. जमिनीशी 30 अंशांचाच कोन राहिला तर खाली दाबणारा जोर निम्मा होतो. कोपऱ्यांवर पुठ्ठ्याची घडी. गाडी निघाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत थांबून सगळे पट्टे परत आवळा. सामान बसतं, घोंगड्या दबतात आणि पट्टे सैल होतात.

सोडताना आधी सामान कलून आलंय का पाहा. रॅचेट टप्प्याटप्प्याने सुटत नाही, खिट्टी ओढून हँडल पूर्ण सपाट उघडलं की सगळा ताण एकदम जातो. कपाट पट्ट्यावर रेललेलं असेल तर ते थेट तुमच्याकडे येईल. एकाने कपाट धरायचं, दुसऱ्याने कडेला उभं राहून सोडायचं.

---

घरबदल_दुसरा_मजला

सगळ्यांचे आभार. वॉर्डरोब सुटं करणार, फ्रिजला ट्रॉली मिळवतो. शेवटचं एक: एका ओळखीच्यांकडे खांद्याचे पट्टे पडून आहेत, बरेच जुने. एका ठिकाणी तुटल्यावर गाठ मारलेली आहे. चालतील का?

---

दोरपट्टा

गाठ असलेला पट्टा नाही. गाठीत धागे एकमेकांवर दाबले जातात आणि ताकद निम्म्यावर येऊ शकते. मुळात तो तुटला होता, म्हणजे बाकीचं कापडही तेवढंच वापरलेलं आहे.

दुसरे पट्टे गाठ नसलेले मिळाले तरी उजेडात, हातातून वीत-वीत सरकवत तपासा. कडेला रुंदीच्या दहाव्या हिश्शाहून जास्त चीर असेल तर बाद. शिलाईचे टाके सुटलेले, वितळून कडक आणि चकचकीत झालेला भाग, उन्हाने फिकट पडून बोटाने चोळल्यावर भुकटी सुटणारं कापड, बक्कलाला तडा किंवा वाकलेली कड, यांतलं काहीही दिसलं तर बाद. लेबल नसेल आणि कापड कुठलं ते कळत नसेल तरी बाद.

चांगले निघाले तर कोमट पाणी आणि साधा साबण, ब्लीच नको, सावलीत वाळवा. सोड्यासारख्या क्षारांनी पॉलिएस्टर खराब होतं आणि आम्लाने नायलॉन, म्हणून ते बॅटरी किंवा बाथरूम धुण्याच्या रसायनांजवळ ठेवलेले होते का तेही विचारून घ्या.